पाण्याखाली उभे राहण्याची तालीम

प्रवाळ हा सजीव आहे हे मी परीक्षेत लिहिले होते, त्यासाठी पहिला वर्गही मिळवला होता. परंतु सत्ताविसावे वर्ष उलटेपर्यंत जिवंत प्रवाळ मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ज्या कचेरीत मी नोकरीला होते, तेथील प्रवाळ कपाटांच्या खणांत कापसाच्या गादीवर निजलेले असत, पांढरेशुभ्र आणि हाडांसारखे कोरडे. बोट लावले की चुन्याची भुकटी बोटाला लागे. त्यांना ओळखणे, त्यांची लॅटिन नावे सुवाच्य अक्षरांत लिहून चिकटवणे आणि वर्षातून एकदा त्यांच्यावरची धूळ मऊ कुंचल्याने झटकणे हे माझे काम होते. मी ते मनापासून करीत असे. कोणाशी फारसे बोलावे लागत नाही, ही त्या नोकरीतली सर्वांत मोठी सोय होती. मोठ्या माणसांसमोर माझी मान आपोआप खाली जाई आणि तोंडातले वाक्य अर्ध्यावर विरून जाई. अशा मुलीला, जी समोरच्याची परीक्षा घेत नाही आणि स्वतः द्यावी लागलीच तर मुकाट्याने देते, मृत प्रवाळांची संगत मानवली होती.

आमचे साहेब डॉ. तालुकदार हे अंगाने भरदार, दृष्टीने अधू आणि स्वभावाने उतावळे होते. एके सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि माझे नाव नेहमीच्या बंगाली उच्चाराने घेत म्हणाले, "शुमोती, अंदमानला जायचं आहे. किनाऱ्याजवळ उथळ खडक आहेत, माणूस-दीड माणूस पाणी. खाली जाऊन कोण कुठे कसं वाढतं ते बघायचं. माझा चष्मा पाण्याखाली घामेजतो, मला काही दिसत नाही. तू चल."

मी चाचरत म्हणाले, "सर, मला पोहता..."

"तुम्ही मराठी लोक तर समुद्राचे!"

आम्ही वऱ्हाडातले. आमच्या गावच्या नदीचे पात्र पावसाळा सोडला तर मिरच्या वाळत घालण्याच्या कामी येत असे. शिवाय मी ते गाव दोनदाच पाहिले होते, कारण माझा जन्म आणि सगळे शिक्षण कलकत्त्यातच झाले. पण हे सर्व सांगण्यासाठी जेवढी वाक्ये लागली असती, तेवढी माझ्याजवळ त्या वेळी नव्हती.

"आणि पोहायचंच नाही," साहेब पुढे म्हणाले. "तांब्याचं शिरस्त्राण आहे, समोर काच. खालून उघडं. खांद्यावर ठेवायचं, वरून नळीने पंपाची हवा येते, ती आतलं पाणी बाहेर ढकलून धरते. लहान मूलही करील. फक्त उभं राहायचं. ताठ! वाकलीस की हवा एका बाजूने निघून जाईल आणि पाणी आत येईल, बस्स. पुढल्या रविवारनंतरच्या रविवारी चाचणी घेऊ. तुमच्या बेहालाच्या घरामागे तळं आहे ना? माझा एक चुरुट संपेपर्यंत तू पाण्याखाली उभी राहिलीस, तर तू. नाही, तर माशांच्या विभागातला गांगुली."

गांगुली उत्तम पोहणारा होता, परंतु त्याला प्रवाळ आणि फुलकोबी यांतला भेद कळत नसे. त्याने आणलेली निरीक्षणे पुढची दहा वर्षे मलाच निस्तरावी लागली असती. पण खरे कारण ते नव्हते. खरे कारण मी त्या रात्री जेवताना, पानातल्या भाताकडे पाहत, आईला सांगितले: "आई, मला एकदा तरी ते जिवंत बघायचे आहेत." मी कधी काही मागत नसल्यामुळे आईच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

बेहालाचे आमचे घर म्हणजे लाहिडींच्या दुमजली घराचा खालचा मजला. मागच्या दाराच्या चार पायऱ्या उतरल्या की थेट त्यांच्या तळ्याचा घाट लागे. पहाटे कपडे आपटण्याचे आवाज, मग बदकांची कुरबुर, वारा पश्चिमेचा असला तर गार्डन रीचकडून बोटींचे भोंगे, आणि तिन्हीसांजेला वरच्या मजल्यावरून माशीमांचा शंख. माशीमा म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. विधवा, गोऱ्यापान, वीतभर उंचीच्या, आणि सगळ्या गल्लीला धाकात ठेवणाऱ्या. सकाळी उन्हे घाटावर आली की त्या अंगाला मोहरीचे तेल चोपडून स्नानाला उतरत. त्या वेळी तळ्यात दुसऱ्या कोणी असू नये, असा नियम नव्हता. पण कोणी नसे. आमच्या स्वयंपाकघरातून गोड्या तेलाच्या फोडणीचा वास वर जाई आणि त्यांच्याकडून मोहरीच्या तेलाचा खाली येई, आणि दोन्ही घरे एकमेकांच्या वासाला मनातल्या मनात नावे ठेवीत. थंडीत मात्र समेट होत असे. आई खजुराच्या नव्या गुळाची पुरणपोळी करी आणि ताट झाकून वर पाठवी. ताट कधी रिकामे परत आले नाही. त्यात कधी पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाची बंगाली पक्वान्ने असत, कधी सूचना.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गार्डन रीचला रेल्वेच्या हिशेबखात्यात होते. त्यांना ही मोहीम ऐकून अपरिमित आनंद झाला, कारण तिच्यात आकडेमोड होती. शिरस्त्राण गोदीत दुरुस्तीला गेले होते आणि चाचणीच्या दिवशीच येणार होते. तोपर्यंत थांबणे अण्णांना मंजूर नव्हते. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांची नजर न्हाणीघरातल्या घंगाळावर गेली.

"तत्त्व एकच आहे," ते म्हणाले. "घंगाळ पालथं घालून सरळ पाण्यात दाबलं, तर हवा आत राहते. सुमे, तू त्यात डोकं घालायचं. पंप नको, काही नको. दोन मिनिटांची हवा सहज मिळेल."

"आणि आंघोळीचं पाणी कशात काढू?" आईने विचारले.

"विज्ञानासाठी एक दिवस पारोसं राहता येतं."

पौषातली सकाळ होती. मी छातीइतक्या पाण्यात, खालच्या पायरीवर, दातांवर दात आपटीत उभी राहिले आणि अण्णांनी आमचे तांब्याचे घंगाळ माझ्या डोक्यावर मुकुटासारखे पालथे धरले. मी गुडघे मोडले. घंगाळ मोडले नाही. ते पाण्यावर ठाम बसून राहिले आणि अण्णा त्याच्यावर दोन्ही हातांनी, मग छातीने, मग सर्व अधिकाराने दाबू लागले, तसे ते एकदम बाजूला निसटून उसळले आणि अण्णाच गेले खाली. वर आल्यावर त्यांनी चष्मा चाचपला, तो होता, आणि म्हणाले, "म्हणजे आतली हवा जेवढं पाणी सारते, तेवढ्या पाण्याइतकं वजन लावायला हवं. हे मी धरलंच नव्हतं."

वजन म्हणून घरात दोनच वस्तू होत्या: पाटा आणि जाते. आईने आधी साफ नकार दिला, मग वाटण करून घेईपर्यंत थांबवले, आणि मग स्वतःच काथ्याची दोरी आणली; अण्णांना गाठ मारता येत नाही यावर तिचा ठाम विश्वास होता. घंगाळाच्या एका कडीला पाटा आणि दुसरीला जात्याची खालची तळी बांधली गेली. या वेळी घंगाळ उतरले, आणि त्याच्याबरोबर मीही उतरले. क्षणभरच. पण तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. पाणी कानांवरून वर गेले आणि नाक मात्र कोरडेच. आत अंधार, आणि काल चिंचेने घासलेल्या तांब्याचा आंबट वास. माझाच श्वास मोठ्या माणसाच्या श्वासासारखा घुमत होता. बाहेरून अण्णांचा आवाज फार दुरून, तळ्याच्या दुसऱ्या काठावरून आल्यासारखा येत होता: "उभी राहा! ताठ!" मी उभी होते. पाण्याखाली श्वास घेत होते. भीती वाटायला हवी होती, ती अजून पोहोचली नव्हती.

मग जाते पाट्यापेक्षा जड ठरले. घंगाळ एका अंगाला कलले, भुडुक करून सगळी हवा एकाच मोठ्या बुडबुड्याने निघून गेली, आणि गाठ आईची असूनही जात्याची तळी दोरीतून सुटून चिखलात गेली. ती अण्णांनी पुढे तीन रविवार बांबूने शोधली. नाहीच सापडली. ते तळे कधीच बुजवले गेले; आता तिथे चार मजली इमारत आहे. मागे एकदा तिच्यासमोरून टॅक्सीने जाताना मी भाच्याला म्हणाले, "या इमारतीच्या पायात आमच्या जात्याची तळी आहे." त्याने माझ्याकडे, म्हाताऱ्या मावशीकडे पाहावे तशा मायेने पाहिले आणि काच वर केली.

आता प्रश्न उरला पोशाखाचा. पाचवारी साडी आणि परकर नेसून मी पहिल्या दिवशी उतरले, तेव्हा परकर पाण्यात छत्रीसारखा उघडला होता आणि मी उभी कमी आणि तरंगत जास्त होते. साहेबांच्या पत्नीने विलायती पोहण्याच्या पोशाखाचे एक चित्र दाखवले, ते आईने लांबूनच पाहिले आणि उलटे ठेवले.

"काही नको ते," ती म्हणाली. "माझं लुगडं नेस. नऊवार, घट्ट कासोटा. आमच्या आत्या त्यात विहिरीत उड्या मारायच्या."

"मला नेसता येत नाही, आई."

"एम. एस्सी. झालीस ना? मग येईल."

आठवडाभर संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी लुगडे नेसायला शिकत होते. निऱ्या सुटत, कासोटा सैल पडे, पदर पुरत नसे. आई मागे उभी राहून एखाद्या हवालदारासारखी कासोटा खोचे आणि म्हणे, "उभी राहा नीट. पोक काढू नकोस. साहेबांनी काय सांगितलंय? ताठ!" माझ्या आयुष्यातले ताठ उभे राहण्याचे एकमेव शिक्षण मला असे मिळाले, आरशासमोर, कंबरेला नऊ वार बांधून. लुगड्याच्या घड्यांत हवा राहते आणि पाण्यात ते फुगते हेही आईनेच हेरले. उपाय तिने एका वाक्यात सांगितला: "आधी भिजवून मग नेस." पौषात! मी कुडकुडत हो म्हणाले. मी सगळ्यालाच हो म्हणत असे.

चाचणीच्या सकाळी घाटावर जत्रा भरली. साहेब शालीत गुरफटून, माकडटोपी हनुवटीपर्यंत ओढून, आमच्या आरामखुर्चीत बसले. शेजारी तालुकदारबाई लोकरीचे विणकाम घेऊन बसल्या. गांगुली 'सहज' आला होता. त्याच्या धोतराखाली पोहण्याची चड्डी होती हे सर्वांना दिसत होते. शिरस्त्राण घाटावर ठेवलेले होते, शिशाच्या पट्ट्यांनी जड केलेले, समोर जाड काचेची खिडकी. आई त्याला बंब म्हणत होती. पंप हाताने वरखाली करायचा होता. गांगुलीने तो धरायला हात पुढे केला, तेव्हा अण्णांनी कोट काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "माफ करा. माझ्या मुलीची हवा मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही."

मी आईच्या, अण्णांच्या, साहेबांच्या आणि तालुकदारबाईंच्या पाया पडून पाण्यात उतरले. आमच्या घरात परीक्षेला जाताना, गावाला निघताना, नवा कपडा अंगावर घातला तरी आधी मोठ्यांना वाकून नमस्कार होत असे. तो विचार करून करण्याचा प्रकार नव्हता, शिंक येते तसा तो येई. गांगुली माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. त्याच्याही बाबतीत मी क्षणभर घोटाळले, मग सावरले.

छातीभर पाण्यात साहेबांच्या शिपायाने शिरस्त्राण माझ्या खांद्यांवर ठेवले. नळीतून फुसफुसत हवा आली. तिला रबराचा वास होता. मी एकेक पायरी उतरत गेले आणि पाणी काचेवरून वर चढले.

सगळे आवाज थांबले. फक्त पंपाचा सुस्कारा आणि कडेने वर जाणाऱ्या बुडबुड्यांची गुडगुड. समोर हिरवा उजेड, त्यात तरंगणारे शेवाळाचे कण, आणि हात लांबवला तर पोहोचेल इतक्यावर घाटाच्या विटा. एक छोटा मासा काचेशी आला, माझे तोंड पाहिले आणि न थांबता गेला. मी ताठ होते. वर साहेबांनी चुरुट पेटवला असणार, तो आता अर्ध्यावर आला असेल, मी मनात म्हणत होते. अंदमान आता अर्धा चुरुट लांब आहे.

वर काय घडत होते ते मला नंतर कळले. उन्हे घाटावर आली होती. माशीमा तेल चोपडून, हातात पितळी तांब्या घेऊन, जिना उतरून आल्या. आईने पुढे होऊन सांगू पाहिले, "माशीमा, आज जरा..." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, माकडटोपी पाहिली, पंप मारणारे अण्णा पाहिले, आणि म्हणाल्या, "तळं माझं आहे." साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. अण्णा काही बोलू शकत नव्हते. बोलायला थांबले असते तर माझी हवा थांबली असती. माशीमा शांतपणे, नेहमीच्या जागी, पाण्यात उतरल्या.

मला दिसले ते एवढेच. समोरच्या हिरव्या उजेडातून, पायरीवर, काचेपासून हातभर अंतरावर दोन पाय अवतरले. वृद्ध, गोरे, सुरकुतलेले, शिरा उमटलेले, अगदी पूजनीय पाय. इतक्या जवळून आणि इतके अचानक कोणा वडीलधाऱ्यांचे पाय माझ्यासमोर आजवर आले नव्हते.

मी वाकले.

दोन्ही हात पुढे करून, रीतसर, अंगठ्यांना बोटे टेकवून मी नमस्कार केला. आणि त्याच क्षणी खांद्यामागून सगळी हवा एका गर्जनेसह निघून गेली आणि तळे आत आले, नाकात, कानांत, डोळ्यांत. वर, तोंडात पाणी नसलेल्या एका माणसाने किंकाळी फोडली.

"ओ मा गो! पाय धरले! कोणी तरी माझे पाय धरले!"

पुढचे मी काही ठरवून केले नाही. दोन्ही हातांनी ते शिरस्त्राण टोपीसारखे डोक्यावरून उचलले, बाजूला लोटून दिले, पायांनी पायरी शोधली आणि उभी राहिले. माझे डोके पाण्याबाहेर आले ते थेट माशीमांच्या समोर. केस तोंडावर, नाकातून पाणी, अंगावर भिजलेले नऊवारी लुगडे. त्या किंचाळायच्या थांबल्या. माझे हात अजून जोडलेले होते. आणि मग त्यांचाही हात, त्यांना न विचारता, आपसूक वर आला आणि माझ्या ओल्या डोक्यावर टेकला.

"बेंचे थाको, मा," त्या म्हणाल्या. चिरंजीव हो, पोरी. मग भानावर येऊन म्हणाल्या, "पण हे काय चाललंय?"

घाटावर पंप अजून चालूच होता. अण्णा डोळे मिटून, घामाने निथळत, रिकाम्या नळीला हवा देत होते. आईने त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितले, "अहो, पुरे. ती वर आली."

मी पंच्यात गुंडाळून घेऊन पायरीवर बसले आणि साहेबांच्या चुरुटाकडे पाहिले. तो बराच शिल्लक होता. गांगुलीने अण्णांचा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि धोतराच्या गाठीला हात घातला. माझ्या डोळ्यांत पाणी आले, पण माझे तोंड इतके ओले होते की ते कोणाला कळण्याची शक्यता नव्हती.

"गांगुली, थांबा," साहेब म्हणाले. ते उठून माझ्यासमोर आले. "शुमोती, वाकू नकोस म्हणून मी तुला सांगितलं होतं ना?"

"हो सर," मी म्हणाले.

"आत पाणी भरल्यावर काय करायचं, ते सांगितलं होतं?"

मी आठवून पाहिले. "नाही सर."

"विसरलो. तेच मुख्य आहे, आणि तेच सांगायचं विसरलो." त्यांनी माकडटोपी काढली, आत त्यांना घाम आला होता. "माणसं घाबरतात आणि ते शिरस्त्राणच धरून बसतात. मागच्या खेपेला मी स्वतः धरून बसलो होतो, मला दोघांनी ओढून काढलं. तू ते फेकलंस आणि उभी राहिलीस. बाकी सगळं शिकवता येतं." मग ते माझ्या आईकडे वळले. "बोटीने हिलाच न्यावं म्हणतो मी. माझी पत्नी सोबत आहे. तुमची परवानगी?"

आई म्हणाली, "लुगडी दोन देते. एक वाळेपर्यंत दुसरं."

माशीमा गळाभर पाण्यात उभ्या राहून हे सगळे ऐकत होत्या. "समुद्रात कोणाचे पाय नसतात ना?" त्यांनी विचारले. "मग जाऊ दे तिला. आणि आता सगळे घाटावरून चालते व्हा."

अंदमानला आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी इतके स्थिर होते की होडीची सावली तळाच्या वाळूवर स्पष्ट पडली होती. इथे पायऱ्या नव्हत्या, म्हणून साहेबांनी माझ्या कंबरेला दोरी बांधली. वरून एक हिसका म्हणजे वर ये. माझ्याकडून दोन हिसके म्हणजे ठीक आहे, थांबा. शिडीवरून मी उतरले, वाळूवर पाय टेकले आणि समोर पाहिले.

मला एकही ओळखता आला नाही. ज्यांची नावे मी झोपेतही सांगितली असती, त्यांपैकी एकही नाही. खणातले पांढरे हाड इथे मधाच्या रंगाचे झुडूप होते आणि त्याच्या प्रत्येक टोकाला जांभळा थेंब होता. ज्याला मी मेंदूसारखा म्हणून वर्षानुवर्षे लिहिले, तो हिरवा होता, ओला होता, आणि त्याच्या वळ्यांतून काहीतरी हळूच आत-बाहेर होत होते. निळ्या माशांचा एक थवा झुडपातून बाहेर आला, माझी सावली पडताच एकदम आत गेला, मी थांबले तसा पुन्हा बाहेर आला. मी एका खडकापासून दुसऱ्याकडे जात होते आणि काहीच टिपून घेत नव्हते. माझी मलाच लाज वाटायला हवी होती. मला हसू येत होते, आणि शिरस्त्राणात ते फार मोठ्याने ऐकू येत होते.

दोरीला हिसका बसला. मी जाणवले नाही असे केले. पुन्हा बसला, या वेळी साहेबांचा. त्यांचा हात ओळखू येत असे. वर ते ओरडत असणार, तालुकदारबाई घड्याळ दाखवीत असणार. पुढच्या खडकाच्या कपारीत काहीतरी लालभडक उघडत होते, पाकळी पाकळीने. तिसऱ्यांदा दोरी ताणली गेली. मी ती मुठीत धरली, चांगले जोर लावून दोन हिसके दिले, आणि त्या लाल रंगाकडे चालू लागले.